हौसाक्काची हजेरी

परवा दिलीप दुकानात आला आणि त्याच्या काकीच्या वर्षश्राद्धाच्या पत्रिकेचा मजकूर माझ्यापुढं ठेवून गेला. वहीचं फाडलेलं पान, निळ्या पेननं लिहिलेलं. तिथी, वार, कीर्तनाची वेळ, महाप्रसाद. अर्ध्या तासात मी सगळं संगणकावर बसवलं. एकाच जागी अडकले. 'हौसाबाई' या नावाच्या आधी एक अक्षर आणि एक टिंब यायला पाहिजे. गेलेल्या माणसाच्या नावाआधी आपण 'कै.' लावतो, तेवढंच. सतरा वर्षं मी लग्नपत्रिका जुळवते आहे, निम्म्या तालुक्याची नावं माझ्या बोटांखालून गेली असतील, पण ते एक अक्षर मी तोवर एकदाही स्वतःच्या हातानं टाईप केलेलं नव्हतं. जागा मोकळी सोडली आणि चहा करायला उठले.

हसू येत असेल तर हसा. मीही पहिल्यांदा हसलेच होते. मी काही भित्र्या घरातली नाही. माझी आई साप काठीनं बाजूला सारून गवत कापायची. मला भ्यायला शिकवलं ते ह्याच हौसाबाईनं, आमच्या हौसाक्कानं.

विट्याच्या एसटी स्टँडमागं एका बोळात आक्काचं दुकान. पाटीवर 'स्वस्त लग्नपत्रिका' एवढंच, ना देवाचं नाव ना मालकाचं. नवऱ्याचा छापखाना होता, तो वारल्यावर आक्कानं एकटीनं चालवला. मूलबाळ नव्हतं. मी कामाला लागले तेव्हा ती पंचावन्नच्या पुढं होती. ठेंगणी, सावळी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, पदर कमरेला खोचलेला आणि त्या खोच्यात कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. ते ब्लेड कशाला, हे मला दोन वर्षांनी कळलं.

लोक तिच्याकडं यायचे ते परवडायचं म्हणून. मेंढरंवाले, हमाल, ऊसतोडीला जाणारे, शिपायाची बायको, सगळे. सांगलीच्या ठोक बाजारात लग्नसराई संपली की कोऱ्या पत्रिकांचे गठ्ठे उरतात, वर गणपती छापलेला आणि आत रिकामं. आक्का जूनमध्ये जायची आणि ते उरलंसुरलं उचलून आणायची. एका नक्षीच्या ऐंशी, दुसरीच्या साठ, असं. आतला मजकूर आम्ही जाळीच्या चौकटीतून हातानं छापायचो, एकाच रंगात, कुंकवाच्या. गिऱ्हाईक कुरकुरायचं, "आक्का, ह्यो गनपती गेल्या सालचा हाय." ती म्हणायची, "गनपती कंदी जुना हुतो का रं?" एकाच लग्नात तीन तऱ्हेच्या पत्रिका जायच्या. पाहुण्याला एकच मिळणार, शेजारच्याची बघायला कोण जातंय, असं तिचं म्हणणं.

पाकिटं आम्ही ठेवत नव्हतो. घडी अशी घालायची की पत्रिकाच पाकीट होते. ती घडी शिकवायला आक्का नवरीच्या आईला फरशीवर बसवायची आणि तीनदा करून घ्यायची. बिघडलेल्या पत्रिका कचऱ्यात जायच्या नाहीत. त्यांवरचे गणपती कात्रीनं कापून ती साठवायची आणि येरळा नदीला पाणी आलं की नेऊन सोडायची. येरळेला पाणी कधी येतं हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. त्यामुळं दुकानात गणपतींची दोन-दोन पोती पडून असायची आणि मी त्यांना टेकून डबा खायची.

हे सगळं ठीक होतं. हजेरीची गोष्ट वेगळी.

मजकुराचं प्रूफ निघालं की आक्का गिऱ्हाईकाला स्टुलावर बसवायची. स्वतः उभी राहायची आणि पत्रिकेतलं एकेक नाव मोठ्यानं वाचायची. गिऱ्हाईकानं प्रत्येक नावाला 'हाय' म्हणायचं नाहीतर 'गेलं' म्हणायचं. मान हलवलेली चालायची नाही, 'हूं' चालायचं नाही.

"सदाशिव तात्या?"

"हाय."

"शांताबाई?"

"हाय."

"बाबू आण्णा?"

"आवं हाय की, भाईर चपला काडाय लागलाय."

"मग त्येला आत बलव. मला बगू दे."

"आक्का, ही पोलीस भरती हाय का लगीन?" असं कुणीतरी म्हणायचंच. सगळे हसायचे, मीही हसायची. आक्का हसायची नाही. तिचं बोट पुढच्या नावावर गेलेलं असायचं.

'गेलं' असं उत्तर आलं की मी त्या नावाआधी जागा सोडायची. मग आक्का माझ्या खुर्चीपाशी यायची, हात पदराला पुसायची, आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं कळा शोधत ते अक्षर टाकायची, मग टिंब. तोंडातल्या तोंडात त्या माणसाचं नाव घेऊन "माफी असावी" म्हणायची. नंतर मागच्या नळावर जाऊन दोन्ही हात धुवायची. एका पत्रिकेत पाच गेलेले असले तर पाच वेळा. एकदा कामाची गर्दी होती, मी कंटाळून म्हटलं, "आक्का, मीच टाकते की, तुम्ही कशाला उठताय?" आणि बोट कळेवर नेलं. तिनं माझं मनगट धरलं. बांगडी रुतली इतकं घट्ट. "तू न्हाई," ती म्हणाली. "तुला ल्येकरं हायती."

त्या दिवशी माझं हसू गेलं. घरी जाऊन पोरांना जवळ घेऊन बसले आणि कारण काय ते त्यांना सांगता येईना.

ते कारण मला एका दुपारी लाईट गेली तेव्हा कळलं. छापलेल्या पत्रिका दोरीवर वाळत होत्या, काम बंद. आक्कानं आपण होऊन सांगितलं. गोष्ट जुनी, शिशाच्या खिळ्यांच्या जमान्यातली, एकेक अक्षर वेचून ओळ बांधायची. स्वस्तात पडावं म्हणून ती एक युक्ती करायची. थोरल्याची पत्रिका झाली की जुळवलेलं पान मोडायचं नाही, दोऱ्यानं बांधून फळीवर ठेवायचं. धाकट्याचं लग्न निघालं की तेच पान काढून नावं तेवढी बदलायची. मेहनत निम्मी. जवळच्याच गावातलं असं एक घर होतं. थोरल्याच्या पत्रिकेत आजोबांचं नाव होतं, आधी 'कै.' लावून. धाकट्याच्या वेळी घरचे म्हणाले, आजोबांची ओळ काढा, तिथं बापाचं नाव घाला, नामदेव आण्णांचं. आक्कानं आजोबांचं नाव उचललं आणि आण्णांचं बसवलं. त्याच्या आधीचं अक्षर तिथंच राहिलं.

तीनशे पत्रिका छापल्या. पहिली रीतीप्रमाणं हळदकुंकू लावून कुलदैवतापुढं ठेवली, कुणाला दिसलं नाही. दुसरी मामाला दिली, तेव्हाही नाही. तिसरी आण्णांनी स्वतः वाचली. पैलवानी अंगाचा माणूस, हसत दुकानात आला. "आक्का, मला येवड्यात कुटं धाडतीस?" म्हणाला. असं काही छापलं की आयुष्य वाढतं, हेही तोच म्हणाला. चहा प्याला आणि गेला. आक्कानं दोन दिवस बसून उरलेल्या प्रत्येक पत्रिकेवरचं ते अक्षर ब्लेडनं खरवडून काढलं. वाटलेल्या पत्रिका काही परत आल्या नाहीत, आणि देवापुढची परत मागायची तरी कशी? लग्न झालं. अकराव्या दिवशी आण्णा विहिरीवर मोटर चालू करायला गेले आणि शॉक लागून जागच्या जागी गेले.

"मला कुनी काय बोललं न्हाई," आक्का म्हणाली. "त्येच लय वाईट झालं."

तेरावं झाल्यावर आण्णांची बायको दुकानात आली. आक्का तिच्या पाया पडायला वाकली. त्या बाईनं तिला उठवलं आणि म्हणाली, "तुजं काय चुकलं न्हाई आक्का. तुला आमच्या अगुदर कळलं, येवडंच." एवढं बोलून ती निघून गेली.

मी म्हटलं, "आक्का, ते शॉकनं गेले. तुमच्या पत्रिकेनं नाही."

"ठावं हाय मला. वायर सडकी हुती, त्येबी ठावं हाय." तिनं उजव्या हाताचं पहिलं बोट माझ्यापुढं धरलं. "पन ज्या बोटानं ते अक्षर तिथं ऱ्हायलं, ते बोट माजंच हाय न्हवं?"

मला त्या बोटाकडं बघवेना. लाईट आली तेव्हा मी देवाचे आभार मानले आणि कामाला लागले.

तेव्हापासून तिची भीती माझीही झाली. दुकानात प्रत्येक पत्रिकेची एक प्रत दोऱ्यात ओवून ठेवलेली असायची. कुठं कोण गेल्याचं कानावर आलं की आक्का ती माळ उतरवायची आणि शोधत बसायची, ह्या माणसाचं नाव आपण छापलं होतं का, आणि छापलं तेव्हा आधी काय लावलं होतं. 'श्री.' सापडलं की मगच तिच्या घशाखाली पाणी उतरायचं. पेपर आला की आधी निधनाचं पान. मे महिन्यात तर तिचं अन्न तुटायचं. आमच्या भागातली माणसं सोनं गाळायच्या धंद्यात पार परमुलखात पांगलेली, लग्नाला म्हणून गावी येतात. त्यांची नावं पत्रिकेत मोप असायची. "कोन केरळात, कोन बंगालात," आक्का म्हणायची. "हाय म्हनत्यात. पन बगितलंय कुनी?"

बघून यायलाही ती कमी करायची नाही. एकदा एक जण पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. हजेरीत चुलत्याचं नाव आलं तसा पटकन म्हणाला, "गेलं." इतकं पटकन कुणी म्हणत नाही. गेलेल्याचं नाव निघालं की माणूस जरा अडखळतं, मग त्याला कितीही वर्षं झालेली असोत. आक्कानं प्रूफ खाली ठेवलं.

"कवा गेलं?"

"झालं की आता."

"कशानं?"

"म्हातारं हुतं आवं."

तो गेल्यावर तिनं चपला घातल्या, "दुकान बग" म्हणाली आणि त्यांच्या गावच्या एसटीत जाऊन बसली. संध्याकाळी परत आली. चुलता अंगणात शेंगा फोडत बसला होता. "कोन पायजे?" म्हणाला. ही काय सांगणार? "काय न्हाई, बगून जाते," म्हणाली. म्हाताऱ्यानं तिला वेडी समजून मूठभर शेंगा दिल्या. त्या तिनं तशाच माझ्या टेबलावर ओतल्या.

दुसऱ्या दिवशी पुतण्या आला. बांधावरनं भांडण होतं त्यांचं. "माज्या लेखी त्यो मेलाच हाय," म्हणाला. "तुमाला काय करायचंय आक्का? मी सांगतो ते छापा." मला वाटलं, आता ही त्याला हाकलणार. आक्कानं हात जोडले. "बाबा, नाव काड पायजे तर. पन माज्या हातनं मारू नगंस." शेवटी नाव 'श्री.' लावून राहिलं. चुलता लग्नाला गेला का नाही, ते मला माहीत नाही.

पण माझ्या आयुष्यातले सगळ्यात भीतीचे चार दिवस म्हणाल तर ते सुनंदाच्या पत्रिकेचे. सुनंदा म्हणजे एका वाडीवरची बाई, नवरा मिलिटरीत हवालदार, विलास नाव. थोरल्या मुलीचं लग्न अठरा दिवसांवर आलेलं. तेव्हा सरहद्दीवर गोळीबार चालला होता, शेजारच्या दुकानातला टीव्ही दिवसभर तेच ओरडत होता. हवालदाराचा फोन नऊ दिवस लागत नव्हता. हे फोनचं आम्हाला ठाऊक नव्हतं. हजेरी चालू झाली. आजोबा, हाय. आजी, हाय. मग आक्कानं वाचलं, "हवालदार विलास?"

सुनंदा म्हणाली, "असतील की."

"असतील नगं बाई. हाय का न्हाई?"

सुनंदानं दोन्ही हातांनी स्टूल धरलं. "आवं आक्का, मला काय म्हाईत? नऊ दिस झालं, फोन लागंना."

मी पुढं होऊन म्हटलं, काही कळलं नाही म्हणजे माणूस आहेच की, 'श्री.' लावून छापू. आक्कानं मला मागच्या खोलीत नेलं. "आन् तसं छापलं आन् उद्या काय कळलं, मग? त्या पोरीनं त्या दोनशे पत्रिकांचं काय करायचं? हाय म्हनून छापायलाबी कुनीतरी हाय म्हनाय पायजे, मंगल."

पत्रिका थांबली. सुनंदा रोज यायची आणि त्या स्टुलावर बसायची. घरी बसवत नव्हतं तिला. आक्का चहा करायची, तो तसाच निवायचा. माझ्या पडद्यावर ते पान उघडंच होतं, हवालदाराचं नाव आणि आधी मोकळी जागा. मी दुसरी कामं करून पुन्हा त्या पानावर आले की दाराकडं बघायची. दारात पोस्टमन दिसला तरी आम्ही तिघी उठून उभ्या राहायचो. एकदा तर नुसता वाट विचारायला आलेला एक माणूस आम्हाला बघून घाबरला.

चौथ्या दिवशी दुपारी सुनंदाचा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. तिला तो उचलवेना, नुसती बघत राहिली. आक्कानं उचलला. फोनचा आवाज मोठा होता, मला ऐकू येत होतं.

"सुनंदा कुटं हाय? विलास बोलतोय."

कुणीही फोन बायकोच्या हातात दिला असता. आक्कानं दिला नाही. तिनं टेबलावरचं प्रूफ उचललं, डोळ्यांपुढं धरलं आणि वाचलं, "हवालदार विलास?"

"आवं, कोन बोलतंय?"

"हवालदार विलास?" आक्काचा आवाज इतका चढला की शेजारचा टीव्ही बारीक झाला.

मग पलीकडनं आला तो मिलिटरीतला सवयीचा आवाज. "हजर हाय."

आक्कानं फोन सुनंदाच्या हातात दिला, कागदाच्या गठ्ठ्यावर बसली आणि तोंडावर पदर घेतला. तिच्या पाठीकडं बघून मला कळत होतं की ती रडते आहे. मग डोळे पुसून म्हणाली, "मंगल, श्री. टाक. हे तू टाक." मी टाकलं. माझी बोटं तेव्हा जेवढ्या आनंदानं चालली तेवढी पुढं कधी चालली नाहीत.

अलीकडं पत्रिका फोनवर आल्या. ढोलताशा वाजतो, फुलं पडतात, नवरानवरी हलतात. आमचं काम निम्म्यावर आलं. आक्काला त्याची चिंता नव्हती. "फोनला हळदकुकू कुटं लावनार?" म्हणायची. खरं होतं. देवापुढं, मामाला, भावकीला कागदच लागतो, त्यामुळं पन्नास-साठ पत्रिका तरी लोक करून घ्यायचे. पन्नास असोत नाहीतर पाचशे, हजेरी तेवढीच चालायची.

मग गेल्या वर्षी दिलीपच्या मुलीचं लग्न ठरलं. दिलीप आक्काच्या दिराचा मुलगा. घरात आक्काच सगळ्यात थोरली, म्हणून निमंत्रक म्हणून तिचंच नाव. मजकूर तिनं स्वतः बसून लिहून दिला. दोन दिवसांनी छातीत दुखायला लागलं आणि तिला मिरजेला दवाखान्यात हलवलं. अतिदक्षता विभागात. डॉक्टर नीट काही सांगेनात.

दिलीप दुकानात आला. वाईट माणूस नाही तो. काकीसाठी धावून धावून डोळे लाल झालेले. पण हॉल ठरलेला, पाहुणे बोलवायचे, पत्रिका तर पाहिजेच. दाराकडं बघत हळू आवाजात म्हणाला, "मंगलताई, दोन्ही करून ठिवा. एक असं आन् एक तसं. जे लागंल ते आयत्या वक्ताला छापू."

मी हो म्हटलं. काय म्हणणार? तो गेल्यावर एक पान केलं, 'श्रीमती हौसाबाई'. मग त्याची नक्कल काढली, 'श्रीमती' पुसलं आणि बसून राहिले. तिचं नाव आणि आधी मोकळी जागा. त्या नामदेव आण्णांच्या बायकोला मी कधी बघितलेलं नाही, पण ती माझ्या मागं उभी आहे असं वाटायला लागलं. तुला अगुदर कळलं. मी ती नक्कल पुसून टाकली, पहिल्या पानाचं प्रूफ काढलं, दुकानाला कुलूप लावलं आणि मिरजेच्या एसटीत बसले. हजेरी झाल्याशिवाय छापायचं नाही, हा नियम तिचाच होता.

मिरजेला दुपारी दहा मिनिटं भेटायला सोडतात. आक्का खाटेवर एवढीशी दिसत होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, चष्मा नाही, पदराला खोचा नाही. माझ्या हातातला कागद बघून तिनं डोळे मोठे केले. मी खुर्ची ओढली आणि बारीक आवाजात वाचायला लागले. नवऱ्या मुलाचे आजोबा? आक्कानं पहिलं बोट वर केलं. म्हणजे हाय. आजी? बोट वर. दिलीप? बोट वर. तिच्या नवऱ्याचं नाव आलं, तेव्हा तिनं हात सपाट केला. म्हणजे गेलं. त्याच्या आधी मी जागा सोडली होती, ती तिला दाखवली. तिनं डोळे मिटून घेतले.

असं करत शेवटच्या ओळीवर आले. निमंत्रक. आणि माझी जीभ रेटेना. खोटं कशाला बोलू, मी घाबरले. ते नाव तिच्यापुढं वाचलं आणि उत्तरच आलं नाही तर? मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "झालं आक्का. आता झोपा."

तिनं नाही म्हणून मान हलवली. हातानं मास्क ओढून खाली केला. नर्स धावत आली, "आजी, काढायचा नाही तो." आक्कानं तिच्याकडं बघितलंही नाही.

"येक ऱ्हायलं," ती म्हणाली.

मी घडी उघडली. डोळ्यांपुढं ओळी धूसर झाल्या होत्या. पाठच होतं, तरी कागद धरून वाचलं, "श्रीमती हौसाबाई?"

"मोट्यानं वाच."

"श्रीमती हौसाबाई?"

"हाय," आक्का म्हणाली. "छाप."

नर्सनं मास्क पुन्हा बसवला आणि मला बाहेर जायला सांगितलं. दारातनं मागं वळून बघितलं तर आक्काचे डोळे मिटले होते, आणि उजव्या हाताचं ते बोट चादरीवर अजून वर धरलेलं होतं. ती मला शेवटची दिसली ती अशी.

त्याच संध्याकाळी आक्काच्या नवऱ्याच्या नावाआधीचं अक्षर मी दिलीपच्या बोटानं टाकून घेतलं आणि पत्रिका छापल्या. त्यानं 'श्रीमती' बघितलं आणि गठ्ठा उचलून घेऊन गेला. पहिली कुलदैवतापुढं ठेवली, बाकीच्या वाटल्या. वाटून झाल्यावर आठव्या दिवशी आक्का गेली. तेरावं झालं आणि त्यानंतर चार दिवसांनी लग्न लागलं. माणसं हातात पत्रिका घेऊन आली आणि पत्रिकेत आक्काच बोलवत होती.

तेव्हापासून ते अक्षर लागलं की मी गिऱ्हाईकालाच खुर्चीत बसवते. इथं दाबा, आता इथं. लोक मला विचित्र समजतात. समजू देत. माझी ल्येकरं आता नोकरीला लागली, तरी आक्कानं मनगट धरलेलं आठवतं.

आज सकाळी दिलीप प्रूफ बघायला आला. मी त्याला स्टुलावर बसवलं. "वर्षश्राद्धाला कसली हजेरी ताई?" म्हणाला. मी म्हटलं, नियम आहे. वाचत गेले, तो हाय, हाय म्हणत गेला. मग वाचलं, "हौसाबाई?"

त्याला बराच वेळ लागला. "गेली," तो म्हणाला. दुकान तिचंच होतं, त्या भिंतींनी हे पहिल्यांदा ऐकलं.

तो उठून माझ्या खुर्चीकडं यायला लागला. त्याला नेहमीची पद्धत ठाऊक होती. मी म्हटलं, "थांब दिलीप. हे मी टाकते." हात ओढणीला पुसला. पोरांची तोंडं डोळ्यांपुढं येत होती. पहिल्या बोटानं ते अक्षर टाकलं, मग टिंब. "माफी असावी आक्का," म्हटलं, आणि मागच्या नळावर जाऊन हात धुतले.